बंदुका सुटल्या तो दिवस

निवडणुकीचा निकाल लागला की आमच्या वऱ्हाडात दोन प्रकारची माणसं खूश होतात. एक, ज्यांचा उमेदवार निवडून आला ती. दुसरे आम्ही, परवान्याच्या बंदुका बाळगणारे. आचारसंहिता लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते आणि संपली की पावती दाखवून परत आणायची असते. मधल्या काळात शेतात रानडुकरांचं राज्य, कारण त्यांना आचारसंहिता लागू होत नाही. त्या वर्षी तर लोकसभा झाली, बंदूक घरी आली, तिच्यावरचा ठाण्यातला दमट वास जातो न जातो तोच विधानसभा लागली आणि बंदूक पुन्हा आत. त्यामुळे निकालानंतर ठाण्यातून फोन आला तेव्हा मी झेंडूच्या वाफ्यात होते, हातातलं टोपलं तिथेच ठेवून निघाले. नवऱ्याने विचारलं, कोण निवडून आलं? मी म्हटलं, कोण का येईना, माझी बंदूक सुटली.

आम्ही वलगावचे. फुलं आणि भाजीपाला हा आमचा धंदा. झेंडू, शेवंती, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, जे त्या त्या हंगामात निघेल ते. आमच्या शिवारात डुक्कर एकदा घुसलं की वाफा खात नाही, उधळून टाकतं. म्हणून सासऱ्यांनी पीकसंरक्षणाचा परवाना काढला होता. ते गेल्यावर तो वारसाने नवऱ्याच्या नावावर व्हायचा. पण आमचे हे म्हणजे दिवाळीत शेजारच्या गल्लीत सुतळी बॉम्ब वाजला तरी आधी कान दाबणारे आणि मग डोळे मिटणारे. कायद्याने सुनेलाही परवाना घेता येतो असं कळलं, तेव्हा घरात सगळ्यात आधी सुटकेचा निःश्वास त्यांनी सोडला. चौकशीला आलेल्या हवालदाराने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, बाई, तुमी चालवान का बंदूक? मी म्हटलं, तुम्ही माझ्या मागे उभे राहा, मग दाखवते. त्याने अहवाल चांगला दिला.

मी आजवर एकही जीव मारलेला नाही आणि मारायची इच्छाही नाही. हवेत बार काढायचा, डुकरं पळतात, काम झालं. पण बंदुकीचं वेड ही निराळी गोष्ट. नळ्या खाली पडून पुन्हा बंद होताना जो आवाज होतो ना, घट्ट आणि छोटा, तो ऐकला की माझ्या अंगात काहीतरी ताठ होतं. तेलाचा वास, खांद्याला टेकणाऱ्या दस्त्याच्या लाकडातल्या रेघा, नळीच्या टोकावरचा तो पितळेचा मणी, ज्याला आम्ही माशी म्हणतो. माझ्या जावेला साड्यांच्या दुकानात जे होतं ते मला बंदुकीच्या दुकानात होतं. हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, साडी निदान नेसता तरी येते.

मात्र माझं आणि सासऱ्यांच्या त्या दुनळीचं कधी जमलं नाही. जड होती हे एक. पण बार काढला की ती गालावर असा रट्टा द्यायची की दोन दिवस हाडावर काळंनिळं राहायचं. गावातल्या बायका माझ्या गालाकडे पाहायच्या आणि मग नवऱ्याकडे पाहायच्या. बिचारा स्वतःहून सगळ्यांना सांगत सुटायचा, मी नाही, मी नाही, बंदुकीनं मारलं. त्यावर कोण विश्वास ठेवणार?

अमरावती आणि अकोल्याच्या आम्हा बंदूकवाल्यांचा मोबाइलवर एक गट आहे. कुणी काय घेतलं, कुणी कुणाशी काय बदललं, याचे फोटो तिथे पडतात. नवी बंदूक घेतलेला माणूस तिला सतरंजीवर आडवी ठेवतो, शेजारी झेंडूचं फूल ठेवतो आणि फोटो टाकतो. खाली अभिनंदनाचा पाऊस. मुलगा झाला तरी इतके लोक विचारत नसतील. या गटात मी एकटी बाई. सगळे मला वहिनी म्हणतात आणि माझ्यापुढे जरा जपून बोलतात, आणि मी जपून बोलत नाही म्हणून अस्वस्थ होतात.

बंदुका ठाण्यात होत्या तेव्हाच त्या गटावर बार्शीटाकळीच्या एका काकांनी जुना फोटो टाकला होता. दुनळी, बारा बोअर, हलकी, देणे आहे, इच्छुकांनी कळवावे. एवढंच. मी फोटो मोठा करून पाहिला. मग आणखी मोठा केला. दस्ता आखूड, नळ्या बारीक आणि नीटस, लाकूड गुळाच्या रंगाचं. मी ती बंदूक पाहून वेडी झाले असं सांगते, आणि त्यात काही वाढवून सांगत नाही. भाजी फोडणीला टाकून फोटो पाहत बसले आणि वांगी करपवली. नवऱ्याने करपलेली भाजी निमूट खाल्ली आणि म्हणाला, घेऊन टाक बाई एकदाची, नाहीतर उपाशी मारशील.

पण घेऊन टाक म्हटल्याने बंदूक घेतली जात नाही. सरकारी कागद तर आहेतच, त्याआधी आम्हा बंदूकवाल्यांचा एक रिवाज आहे. ज्याला बंदूक घ्यायची त्याने ती रिकामी असल्याची खात्री करायची, डोळे मिटायचे, मिटल्या डोळ्यांनीच खांद्याला लावायची आणि मग डोळे उघडायचे. माशी नजरेच्या बरोबर समोर दिसली तर बंदूक तुमची. बाजूला दिसली, वर दिसली, शोधावी लागली, तर कितीही देखणी असो, हात जोडून परत द्यायची. मान वाकडी करून तिला बसवायची नाही. तुम्ही बंदुकीकडे जायचं नाही, बंदुकीनं तुमच्याकडे यायचं. माझी दुनळी गटातल्या बहुतेकांनी कधी ना कधी अशी लावून पाहिली होती आणि एकालाही बसली नव्हती. वहिनीची बंदूक खोडील आहे, असं तिचं नाव पडलं होतं.

ठाण्यातून बंदुका सुटल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे अकोल्याच्या जुन्या बंदूकवाल्याकडे जमतात. निमित्त साफसफाईचं, कारण ठाण्याच्या खोलीत पडून पडून नळ्यांना गंज धरलेला असतो. खरं कारण म्हणजे एकमेकांचा माल पाहायचा असतो. आम्ही भल्या सकाळी झेंडूचे क्रेट गाडीत भरले, अकोल्याच्या बाजारात उतरवले आणि तसेच दुकानावर गेलो. बडनेरा, मूर्तिजापूर, सगळा रस्ता बंदूक कापडी खोळीत माझ्या मांडीवर होती आणि मी मनातल्या मनात डोळे मिटून दुसरीच बंदूक खांद्याला लावत होते.

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकवून ठेवलेल्या बंदुका, कापडाच्या चिंध्या, तेलाच्या बाटल्या आणि सगळ्यांचं एकाच वेळी बोलणं. अमरावतीचे एक ठेकेदार आले होते. ते बंदुका मोबाइलसारख्या बदलतात, नवी आली की जुनी काढली. या खेपेला त्यांनी एका नळीची, पुढचा दांडा मागेपुढे सरकवायची नवी गन घेतली होती आणि रिवाजाप्रमाणे घेणाऱ्याने खाऊ घालायचं म्हणून टोपलीभर सांबारवड्या आणल्या होत्या. दर्यापूरकडच्या एकाने काकाची जुनी एकनळी देऊन मावसभावाची दुनळी घेतली होती आणि त्या अदलाबदलीची कथा तो प्रत्येक नव्या माणसाला पहिल्यापासून सांगत होता. मीही ऐकली, दोनदा. वडीच्या तेलाचे हात बंदुकीला लावू नका, म्हणून दुकानदार ओरडत होता आणि कुणी ऐकत नव्हतं. इतकी मजा मला सख्ख्या भावाच्या लग्नात आली नव्हती.

बार्शीटाकळीचे काका आले ते बायकोला घेऊन. काका उंच, पांढरे कपडे, गडी मोठ्या शेतीचा हे चालण्यावरूनच कळावं. काकू लहान चणीच्या, साठी केव्हाच ओलांडलेल्या, उजवा हात पदराखाली छातीशी धरलेला. त्यांना कुणीतरी खुर्ची दिली. त्या कोपऱ्यात बसल्या, आणि बसल्यापासून त्यांची नजर काकांच्या हातातल्या खोळीवर होती. मीही तिथेच पाहत होते, त्यामुळे त्यांच्याकडे माझं नीट लक्ष गेलं नाही.

खोळीतून दुनळी निघाली आणि सगळे हातातलं टाकून पुढे सरकले. फोटोत होती त्याहून सुंदर. पहिला मान ठेकेदारांनी घेतला. डोळे मिटले, खांद्याला लावली, आणि स्वतःच्याच अंगठ्याने स्वतःचं नाक चेपलं. दस्ता आखूड ना. पिकला हशा. त्यांनी नाक चोळत सांगितलं, मागून रबराची टाच बसवून घेतो, पैसे आजच देतो. तेवढ्यात आणखी चार जणांनी लावून पाहिली, चौघांनाही तोकडी. मग माझी पाळी आली. मी हात पदराला पुसले, नळ्या खोलून रिकाम्या आहेत हे पाहिलं, बंद केल्या, डोळे मिटले. बंदूक वर आली. खरं सांगते, मी आणली नाही, तीच आली. डोळे उघडले तर माशी समोर, बरोबर मध्ये, जशी काही माझीच वाट पाहत होती. मी तशीच उभी राहिले. कुणीतरी मागून म्हणालं, वहिनीची झाली. मला हसू आवरेना आणि डोळ्यांत पाणीही आलं.

ठेकेदारांनी हात जोडले, कारण रिवाज तो रिवाज. दुकानदाराने कागद तयार करायला परवाना मागितला. काकांनी खिशातून काढून दिला. त्याने उघडला, चष्मा सारखा केला आणि काकांकडे न पाहता कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. परवाना काकूंच्या नावावर होता. फोटोही काकूंचा, बराच तरुण, कपाळावर मोठं कुंकू. म्हणजे आम्ही सगळे इतकी वर्षं गटावर ज्यांना बंदूकवाले काका म्हणून नमस्कार करत होतो, त्यांच्याकडे फक्त मोबाइल होता.

मग काकांनी थोडक्यात सांगितलं. काकू वडिलांच्या एकुलत्या एक. बंदूक वडिलांनीच त्यांच्या मापाने दस्ता कापून करून दिलेली. तुरीत रोही, म्हणजे नीलगायी, शिरले की काकू निघायच्या, काका कंदील धरायचे. मागच्या वर्षी त्या विहिरीच्या पायऱ्यांवरून पडल्या, उजव्या खांद्यात स्टीलची पट्टी टाकली. हात चालतो, पण त्या खांद्यावर धक्का पुन्हा घ्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं. घरात पडून गंजण्यापेक्षा कुणाच्या कामी यावी म्हणून काकांनीच गटावर टाकली. काका वाईट माणूस नव्हते. बायकोचं दुखणं नजरेआड करावं एवढाच त्यांचा हेतू असावा.

दुकानदार म्हणाला, सही करण्याआधी एक समजून घ्या. तुमच्या परवान्यावर ही एकच बंदूक आहे. ही गेली की परवाना रिकामा. मुदतीत दुसरी घेतली नाही तर तो रद्द होतो, आणि या वयात, या खांद्यावर, नवा कोण देणार?

काकू पहिल्यांदा बोलल्या.

"मी सही करते. घरचे म्हनतात तं करते. पन मले कोनी इचारलं नाई, का बाई, तुले हे सोडाचं हाय का."

दुकानात एकदम कुणालातरी नळी पुसायची आठवण झाली, कुणाला वडी हवीशी वाटली. मी त्यांची बंदूक हातात धरून उभी होते. ती मला हवी होती. अजूनही हवी होती, त्या क्षणी तर फारच, कारण ती माझ्या खांद्याला बसलेली होती. आणि ती मी घेतली तर या बाईचं सगळं संपणार होतं हेही माझ्यासमोर खुर्चीत बसलेलं होतं. मला राग आला. काकांचा आला, कायद्याचा आला, स्वतःच्या हावरेपणाचा तर सर्वांत जास्त. मी बंदूक त्यांच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, काकू, मी नाही घेत. तुम्ही ठेवा.

त्यांनी बंदुकीकडे पाहिलं नाही. माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"तुहा गाल कावून काळा पडला वं, माय?"

ठाण्यातून बंदूक आणली त्या संध्याकाळी डुकरं आली होती, मी दोन बार काढले होते. मी सांगितलं, बंदुकीनं. त्यांनी दाराबाहेर उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्यावर नजर टाकली. मी म्हटलं, नाही हो, तो बारच्या आवाजाने गावाबाहेर जातो, खरंच बंदुकीनं.

"आन बरं इकडं तुही बंदूक."

मी माझी खोडील दुनळी आणली. त्यांनी ती टेबलावर ठेवायला लावली, नळ्या पलीकडे आणि दस्ता आपल्याकडे. मग खाली वाकून एक डोळा मिटून मागून पाहिलं. अंगठा दस्त्यावरून हळूच फिरवला. दुकानदाराला बोलावून म्हणाल्या, पाहा, दस्ता कोनीकडं झुकला हाय? तो वाकला. सरळ झाला, पुन्हा वाकला. दस्ता नळ्यांच्या रेषेत सरळ नव्हता, अगदी किंचित डावीकडे वळवलेला होता. उजव्या खांद्याच्या माणसासाठी तो उजवीकडे वळवतात. ही बंदूक डाव्या खांद्यावरून चालवणाऱ्यासाठी करून घेतलेली होती. दुकानदार कितीतरी वर्षं ती साफ करत आला होता. तो ओशाळून म्हणाला, माझ्याकडे नळ्या येतात, दस्त्याकडे कोण पाहतं? गटातले सगळे तिला खांद्याला लावून बसत नाही म्हणाले होते, आणि सगळे उजवे होते.

मी नवऱ्याला आत बोलावलं आणि विचारलं, तुमचे बाबा बंदूक कोणत्या खांद्याला लावायचे? तो म्हणाला, मी कुठं पाहिलं, मी डोळे मिटायचो. मग जरा विचार करून म्हणाला, पण बाबा डावखुरेच होते ना, विळा, कुऱ्हाड, सगळं डाव्याच हातानं, तुले माहीत नोतं का? मला माहीत होतं. त्यांना डाव्या हाताने झेंडू तोडताना मी रोज पाहिलं होतं. त्यांना बंदूक चालवताना मात्र मी कधी पाहिलं नाही, कारण त्या काळी सुना बंदुकीच्या आसपास फिरकत नव्हत्या. आणि इतकी वर्षं एवढं साधं कोडं आम्हा दोघांच्या घरात उभं होतं आणि माझा गाल सुजत होता. त्या दुकानात मी नवऱ्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तोवर काकू उठल्या होत्या.

"डावा खांदा माहा साबूत हाय," एवढंच म्हणाल्या.

काका पुढे झाले, फार जड आहे म्हणाले. काकूंनी ऐकलं नाही. दुकानदाराने माझ्या दुनळीच्या नळ्या खोलून रिकाम्या दाखवल्या. काकूंनी उजवा हात पदराखालून काढला, तो खाली नळ्यांच्या पोटाशी दिला, डावीकडे दस्ता घेतला आणि डोळे मिटले. बंदूक हळू वर आली, थोडी थरथरली, खांद्यापाशी थांबली. मी त्यांच्या पापण्यांकडे पाहत होते. त्यांनी डोळे उघडले. मग बंदूक खाली घेत म्हणाल्या, बसली.

मी ताबडतोब म्हटलं, "मंग सौदा नाई करत काकू, अदलाबदल करू. तुमची मले, माही तुमाले. लायसन एक दिवस बी रिकामं नाई राहत."

दोन्हीही बारा बोअर, एक जाते, एक येते, फक्त नंबर बदलणार. दुकानदार म्हणाला, होतं, अर्ज दोन जिल्ह्यांत करावे लागतील पण होतं. काका म्हणाले, अहो, पण ही चालवणार कशी, या वयात डावीकडून? दुकानदाराने मान हलवून सांगितलं की जड बंदुकीचा धक्का उलट कमी असतो, वजनच तो खाऊन टाकतं. ठेकेदारांनी टोपली काकूंपुढे धरली आणि म्हणाले, अदलाबदल माझी नाही, पण वड्या माझ्याच खा. काकूंनी दोन खाल्ल्या, डाव्या हाताने.

कागदांची गोष्ट मी सांगत नाही, ती सांगितली तर या लिखाणाचंही अर्जात रूपांतर होईल. हरभरा निघाला, झेंडूची दुसरी लावण झाली, तेव्हा कुठे हलकी दुनळी वलगावला आली. पहिला बार मी आमच्या पडीक वाफ्यात उभी राहून काढला. खांद्याला नुसती थाप बसली. गालाला काही म्हणता काही झालं नाही. मी लहान पोरीसारखी वाफ्यात नाचले. घरी आल्यावर जाऊबाईंनी गाल दोन्हीकडून पाहिला आणि म्हणाल्या, आता गावातल्या बायका भावजींशी बोलायला लागतील.

काकूंची खबर मात्र मला टोचत होती. त्यांनी परवाना नूतनीकरणाला टाकला होता आणि तिथे खांद्याच्या कागदांवरून बरीच विचारपूस झाली होती. मला सारखं वाटायचं, मंजूर झालं नाही तर? आणि झालं तरी त्या माझ्या सासऱ्यांच्या जड बंदुकीचं काय करणार, कोपऱ्यात उभी ठेवून पाहत बसणार? माझी मजा झाली आणि त्यांच्या वाट्याला लोखंड आलं, असं वाटून हलक्या दुनळीला तेल लावतानाही माझा हात थांबायचा.

एक दिवस काकांचा फोन आला. या म्हणाले, घरची बोलावते. आम्ही दोघं बार्शीटाकळीला गेलो. काकूंनी चहा देण्याआधीच आम्हाला शेतात नेलं. नूतनीकरण झालं होतं. महिनोन्‌महिने त्या रोज देवपूजा आटोपली की रिकामी बंदूक डाव्या खांद्याला लावायच्या, डोळे मिटायच्या, उघडायच्या. काका सांगत होते आणि सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळाच झाला होता. आधी धरवायचीच नाही, म्हणाले, हात भरून यायचा, मी म्हणायचो राहू दे, तर दोन दिवस बोलायची नाही.

तूर निघालेलं रान होतं, समोर मातीचा उंच बांध. तिथे त्यांनी रिकामा तेलाचा डबा ठेवून घेतला होता. बाभळीच्या फांदीच्या दुबेळक्यात त्यांनी नळ्या टेकवल्या, पदर खोचला, पिशवीतून स्वतःची काडतुसं काढून भरली. माझ्या नवऱ्याने कान दाबले. पहिला बार डब्याच्या एक हात पलीकडे गेला, बांधावरची माती उडाली. काकूंनी खांदा हलवून पाहिला. दुखलं का, काकांनी विचारलं. काकूंनी गाल दस्त्यावर पुन्हा टेकवला, या खेपेला मान थोडी सैल सोडली, आणि दुसरी नळी सोडली. डबा उडाला, बांधाला आपटला आणि घरंगळत खाली आला.

मी ओरडले. नवऱ्याने कानांवरचे हात काढले आणि टाळ्या वाजवल्या, जे मी त्याला बंदुकीच्या बाबतीत आयुष्यात प्रथमच करताना पाहिलं. काकूंनी बंदूक उघडली, दोन्ही रिकामी काडतुसं काढून हातात घेतली आणि बाभळीच्या बुडाशी बसल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. मला वाटलं रडतील, पण त्या हसत होत्या.

काका जवळ गेले. त्यांनी प्रेमाने, अगदी सहज विचारलं की आता मन भरलं ना, मग एखादा चांगला घेणारा पाहू का?

काकूंनी वर पाहिलं.

"लायसन पाच वर्साचं झालं हाय," त्या म्हणाल्या. "पाच वर्सानं इचारजा." मग डाव्या हाताने पिशवी जवळ ओढून त्या पुढची काडतुसं काढायला लागल्या.